दहाची रेघ

फूटपट्टी, अगं, तुझा डावा कान गेल्यापासून तुझ्याशी बोलायचं म्हणजे तुझ्या उजव्या अंगाला जाऊन उभं राहायचं, आणि तिथे उभी राहिले की तू मान फिरवतेस. म्हणून लिहून काढते. कागदाला डावं-उजवं नसतं. तुझ्याबद्दल गल्लीत तीन गोष्टी चालतात. पहिलीत तू साक्षात देवी आहेस. दुसरीत तू सख्ख्या दिराचा हात खाल्लास. तिसरीत तू एका जित्या माणसाला प्रेसखाली घालायला निघाली होतीस. तिन्ही ऐकून माझं डोकं उठलंय. झालं ते सरळ सांगते. पण ‘तू असं केलंस, तू तसं केलंस’ करत बसले तर ते सासूचं गाऱ्हाणं वाटेल, म्हणून तुला बाजूला बसवते आणि तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. चुकलं तर शेवटी बोल. मध्ये तोंड घालू नकोस.

तर त्या पत्र्याच्या कारखान्यात बारा प्रेस होत्या. सपाट पत्रा खाली ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून धाडकन साचा उतरायचा आणि पत्र्याची वाटी व्हायची. वाटी काढायची, नवा पत्रा ठेवायचा. दिवसाला दोन हजार वेळा हात आत, हात बाहेर. आवाज असा, की शेजारच्याने शिवी दिली तर ती ओठांवरून वाचून घ्यावी लागे. वर माळ्यावर काचेची खोली होती. तिथे ती बसायची. हजेरी, तयार माल, खराब माल, सगळं स्प्रेडशीटमध्ये भरायचं आणि त्याचे चार्ट काढायचे, हे तिचं काम. कोणी शिकवलं नव्हतं. आपली आपण शिकली. आणि जे आपलं आपण शिकतो त्याचा माणसाला जरा माज असतो, तसा तिलाही होता.

चार्टाचा उभा अक्ष शून्यापासून निघाला नाही तर तिच्या पोटात दुखायचं. कॉम्प्युटरवर सोडलं तर तो आपल्या मनाने नव्वदपासून मोजायला सुरुवात करतो. मग ब्याण्णव आणि शहाण्णव यांच्यात टेकडी आणि खड्ड्याएवढा फरक दिसतो. “उंदराचा हत्ती करतं हे मेलं,” असं म्हणून ती अक्षावर क्लिक करायची, किमान आकडा शून्य टाकायची, कमाल आकडाही स्वतः टाकायची. वर आणखी प्लास्टिकची फूटपट्टी पडद्याला लावून एकेका काडीची उंची मोजायची.

“एवढा अविश्वास कॉम्प्युटरवर?” मिस्त्रीने एकदा विचारलं.

“कॉम्प्युटरवर विश्वास आहे. तो चालवणारीवर नाही.”

तेव्हापासून सगळे तिला फूटपट्टीच म्हणायला लागले. घरीसुद्धा.

पहिल्या प्रेसवर एक जण होता, त्याला साडेसात म्हणत. दहातली अडीच बोटं प्रेसने खाल्लेली, उरली साडेसात. गेलेली अडीच उचकीत गेली होती. उचकी म्हणजे काय, तर पेडल एकदा दाबलं आणि साचा दोनदा आला. आतला क्लच झिजला की असं होतं. पहिला ठोका माणसाला ठाऊक असतो. दुसरा येतो तेव्हा हात वाटी काढायला आत गेलेला असतो. प्रेसने उचकी दिली की कामगार एकमेकांना खुणेने विचारत, “कोण आठवण काढतंय रे हिची?” हसत आणि कपाळ पुसत.

साडेसातची अडीच बोटं गेली त्या दिवशी फूटपट्टीने जमिनीवरचं रक्त पाहिलं, भुसा टाकताना पाहिला, आणि अर्ध्या तासात त्याच प्रेसवर दुसरा माणूस उभा राहिलेलाही पाहिला. दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रीकडे गेली आणि दोघांनी मिळून एक रीत पाडली. प्रेसने उचकी दिली की चालवणाऱ्याने प्रेसच्या अंगावर खडूची एक रेघ ओढायची. संध्याकाळी फूटपट्टी बाराही प्रेसवरच्या रेघा मोजून पुसणार, आणि सकाळी चार्ट काढून मधल्या खांबाला चिकटवणार. बारा प्रेसच्या बारा काड्या. अक्षाचा कमाल आकडा दहा, आणि सगळ्यात वरची रेघ लालभडक. ज्या प्रेसची काडी लाल रेघेला टेकली, तिचा चालवणारा बटण बंद करून हात बांधून उभा राहणार, मिस्त्री क्लच उघडणार. कोणी कोणाला विचारायचं नाही. त्या आवाजात विचारणार तरी काय? खांबाकडे एक नजर टाकायची, काडी आणि लाल रेघ यांत फट आहे ना, एवढं बघायचं, की लागायचं कामाला. काडीवर बारीक आकडा छापलेला असे, तो कोणी वाचत नसे. दोन वर्षांत एकाचंही नख गेलं नाही. आणि या भरवशावर तिने धाकट्या दिराला सातव्या प्रेसवर चिकटवून दिला. सासूला म्हणाली, “आई, माझ्या डोळ्यांसमोर राहील.”

मग मालकाचा भाचा आला. भाचेसाहेब. कामगारांशी बोलायची याची भाषा म्हणजे थोबाडीत. उशिरा आला, थोबाडीत. वाटी वाकडी, थोबाडीत. एकाला पत्र्याच्या कापलेल्या पट्टीने असा हाणला की गाल कानापर्यंत उघडला, आणि टाके घालून तो दुसऱ्या दिवशी कामावर आला. सातवी प्रेस दिवसाआड बंद पडायला लागली, क्लच उघडायला दोन-दोन तास जायला लागले, तसा भाचेसाहेब माळा चढून आला.

“बाई, सातची काडी एवढी उंच का?”

“दहा उचक्या, साहेब.”

“दहा म्हणजे काही फार नाहीत. दोन हजारांत दहा! चित्रात मात्र आग लागल्यासारखं दिसतंय. ही उंची कमी-जास्त करता येते का?”

आणि या शहाणीने, आपल्याला येतं ते दाखवायच्या हौसेने, त्याला दाखवलं. अक्षावर असं क्लिक करायचं, इथे कमाल आकडा, तो वाढवला की काड्या बसतात, कमी केला की उठतात. त्याने दोनदा करून बघितलं. लहान मुलासारखा हसला.

“चाळीस टाका.”

“साहेब, लोक आकडा वाचत नाहीत. लाल रेघ बघतात. ती दहावर आहे म्हणून...”

“मी काडी खोडायला सांगितली का? खोटा आकडा लिहायला सांगितला का? आकडा खराच राहू दे. फक्त चाळीस टाका.” मग काचेतून खाली बघत म्हणाला, “सातवर तुमचा दीर ना? या महिन्यात कायम करायचाय त्याला. की काढून टाकायचाय? मला आठवत नाही बघा.”

तिने चाळीस टाकलं. आकडा खरा होता. अक्ष शून्यापासून होता. फूटपट्टी लावली तरी कुठे चूक सापडली नसती. घरी येताना ती हेच घोकत आली.

सोमवारी सातच्या काडीवर अकरा, मंगळवारी तेरा, बुधवारी सोळा. काडी पाव उंचीवरून चढत कागदाच्या निम्म्याच्याही खालीच. लाल रेघ वर लांब, आभाळात. बुधवारी रात्री जेवताना धाकटा खुशीत होता.

“वहिनी, तुझी काडी वाळली की! तीन दिवस मिस्त्रीचं तोंड बघितलं नाही. उचक्या देते अधूनमधून, पण तुझ्या कागदावर तर काहीच नाही.”

“नुसती काडी बघू नकोस रे. आकडापण वाचत जा.”

“आकडे वाचायला तू आहेस ना! मी वाचायला लागलो तर तू खाली येऊन पेडल मारणार का?”

सासू हसली. धाकटा हसला. तीही हसली, आणि पानावरून उठली. सांगायला तोंड होतं, वेळ होती, समोर माणूस होता. महिना संपायला आठ दिवस राहिले होते, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कायम झाला की सांगू.

गुरुवारी सकाळी तिने आदल्या दिवसाच्या रेघा भरल्या. सव्वीस. काडी लाल रेघेपासून चांगली चार बोटं खालीच राहिली. तिने कागद चिकटवला. धाकट्याने खांबाकडे बघितलं, अंगठा दाखवला, आणि बटण दाबलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तिला किंकाळी ऐकू आली नाही. त्या आवाजात कशी येणार? तिने पाहिलं. काचेतून. धाकट्याचं तोंड उघडं होतं आणि तो वाकून प्रेसशी कुस्ती खेळावी तसा पाय रोवून मागे ओढत होता. साचा तळाला जाऊन बसला होता आणि उठत नव्हता. जिन्याच्या पायऱ्या तिने किती घेतल्या, किती चुकवल्या, तिला माहीत नाही. साडेसात आणि मिस्त्री प्रेसच्या जड चाकात पहार घालून ते उलटं फिरवत होते. चाक इंचभर फिरलं की धाकट्याचं अंग ताठ व्हायचं. तिने त्याचं डोकं छातीशी दाबून धरलं. त्याने तिचा खांदा कपड्यावरून चावला, दात मांसात गेले. शेवटी साचा सुटला. खाली वाटी तयार झाली होती. मनगटापुढचं जे होतं ते त्या वाटीत होतं, आणि वाटी अगदी मापात होती.

दवाखान्याच्या बाकावर सासू आली. रडली-बिडली नाही. विचारलं, “कसं झालं?”

“आई, मी केलं.” आणि तिने चाळीसची सगळी हकीकत सांगितली.

सासूने तिच्या थोबाडीत मारली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या फटक्याला नाकातून रक्त आलं. आजूबाजूच्या बायका धावल्या. फूटपट्टीने हातसुद्धा आडवा धरला नाही. सासूचाच हात दुखायला लागला, तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, “ती प्रेस चालू आहे की बंद?”

हा प्रश्न कोणाच्याच मनात आला नव्हता. फूटपट्टी उठली, तशीच, नाकाला पदर लावून.

पण धाकट्याचं ऑपरेशन आटोपेपर्यंत दवाखाना सुटला नाही. शनिवारी ती कामावर गेली तेव्हा सातवी प्रेस धुऊन पुसून तयार होती. मिस्त्रीने क्लच उघडायचं नाव काढलं तर भाचेसाहेबाने त्याला भिंतीवर आपटला होता. त्याच्या भुवईवर पट्टी होती. आणि प्रेसवर उभं कोणाला केलं होतं? साडेसातला. दुसरं कोणी तयार होईना, आणि याच्या घरी पाच तोंडं. तो आपला उरलेल्या बोटांनी पत्रे नीट रचत होता. खांबाकडे बघितलं. लाल रेघ वर, काडी खाली. ठीक. पेडलवर पाय ठेवला.

फूटपट्टी वर गेली. चार्ट उघडला. अक्षावर क्लिक. कमाल दहा. सातवी काडी लाल रेघेला जाऊन थडकली आणि कागदाच्या कडेला कापली गेली. हे पुरेसं नव्हतं. भाचेसाहेब म्हणाला असता, दहा तर दहा, आजच्या दिवस चालवा. सव्वीस म्हणजे किती, हे न वाचता दिसायला हवं होतं. तिने तोच कागद छापला. मग किमान दहा, कमाल वीस, दुसरा छापला. मग किमान वीस, कमाल तीस, तिसरा. दुसऱ्या-तिसऱ्या कागदावर अकरा प्रेसच्या जागा कोऱ्या, फक्त सातची काडी. तिने खाली जाऊन स्टूल ओढलं, जुना कागद टराटरा फाडला, आणि एकावर एक तिन्ही चिकटवले. पहिल्या कागदाची लाल रेघ फोडून काडी दुसऱ्यात घुसली, दुसऱ्याची फोडून तिसऱ्यात, आणि माणसाच्या डोक्यावर हातभर जाऊन थांबली.

सगळ्यात आधी साडेसातला दिसलं. त्याने मान वर केली, आणखी वर केली, आणि पेडलवरचा पाय काढला. बटण बंद केलं. मग सहावी थांबली, आठवी थांबली, एकेक करत सगळ्या. कारखान्यात इतकी शांतता कोणी ऐकली नव्हती. नुसती जड चाकं आपल्या जोरावर गरगरत होती. बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरतात.

स्टुलावरून ती बोलली. “गुरुवारीपण ही काडी एवढीच होती. मी कमाल चाळीस केली म्हणून तुम्हाला छोटी दिसली. यांनी सांगितलं. टाईप मी केलं, या बोटांनी. माझ्या दिराचा हात असा गेला.”

भाचेसाहेब केव्हा आला ते तिला कळलं नाही. स्टूल पायाखालून उडालं. ती फरशीवर डाव्या कुशीवर पडली आणि त्याचा बूट तिच्या कानावर आला. एकदा, दोनदा. डोक्यात काहीतरी ओलं फुटलं आणि अर्धं जग बंद झालं. तिसऱ्यांदा पाय उचलला तेव्हा गालाला टाके पडलेला जो होता, त्याने मागून त्याची मान धरली.

पुढचं जे झालं त्याला मारामारी म्हणत नाहीत. मारामारीत दोन्हीकडून हात उठतात. हे अकरा जण होते आणि तो एक. पहारी होत्या, पत्र्याच्या पट्ट्या होत्या, आणि कित्येक महिन्यांच्या थोबाडीत होत्या. त्याचा जबडा निखळला तो आवाज तिने उजव्या कानाने ऐकला. फरशीवर दात पडले. मग कोणीतरी ओरडलं, “सातवर न्या!” आणि त्याला केसांना धरून ओढत सातव्या प्रेसकडे नेला. दोघांनी त्याचा उजवा हात साच्यात ठेवला. तो गुरासारखा हंबरत होता. साडेसातचा पाय पेडलकडे गेला. चाक अजून फिरत होतं. एक ठोका बसेल एवढा जोर त्यात होता.

ती सरपटत तिथवर गेली. का गेली? दया आली म्हणून नाही, हे मी खात्रीने सांगते. तिने कठड्याला धरून उभं राहत स्वतःचा हात आत घातला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“बाई, हात काढा,” साडेसात म्हणाला.

“ही प्रेस आता कोणाचाच हात घेणार नाही. याचापण नाही. घ्यायचा असला तर दोन घ्या.”

“त्याच्यासाठी? बाई, त्याच्यासाठी?”

“त्याच्यासाठी माझी चप्पल. ही चालू झाली तर सोमवारी तू इथे उभा असशील. पाय मागे घे.”

कानातून ओघळलेलं रक्त तिच्या मानेवर आलं होतं. साडेसातने पाय मागे घेतला, चांगला लांब. गालाला टाके पडलेल्याने शिवी हासडली आणि भाचेसाहेबाला बखोटीला धरून मागे फेकला. मिस्त्रीने फूटपट्टीला कमरेला धरून ओढलं.

आणि साचा उतरला. पेडलवर कोणाचा पाय नाही, जवळ कोणाचा हात नाही. धाडकन, रिकाम्या जागेवर. सगळ्यांच्या अंगातलं वारं गेलं. एक जण तिथेच ओकला. या उचकीला मात्र ‘कोण आठवण काढतंय’ असं कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारी मिस्त्रीने क्लच उघडला तेव्हा आतली पकड चघळलेल्या गोळीसारखी गुळगुळीत झाली होती. सातवी प्रेस परत कोणी चालवली नाही. कोणी चालवायला तयारच झालं नाही, मग मालकाने ती भंगारात काढली. भाचेसाहेब तारा घातलेल्या जबड्याने तीन महिने पेजेवर जगला. पोलीस आले, अकरा जणांना घेऊन गेले. तिलाही नेलं, चार तास बसवलं, आणि तिने तेच सांगितलं जे स्टुलावरून सांगितलं होतं. कामगार सुटले. तिला कामावरून काढलं. आता ती एका मोठ्या दवाखान्यात चार्ट काढते. तिथल्या डॉक्टरांना छळते म्हणे: “वरची रेघ कोणी ठरवली? सांगा, मगच छापते.”

धाकटा बरा झाला. डाव्या हाताने लिहायला शिकला, एका गोदामात नोंदणीवर लागला, आणि चार थांबे पलीकडे खोली घेऊन राहायला गेला. तो तिला वाईट बोलला नाही. एकदाही नाही. फक्त वहिनी म्हणायचा थांबला. सणावाराला येतो, सासूशी बोलतो, भावाशी बोलतो, आणि तिला काही सांगायचं असलं तर भिंतीकडे बघून सांगतो, “पाणी हवं होतं.”

आता तुला पुढे घेते, फूटपट्टी, कारण उरलेलं आपल्या दोघींतलं आहे. तू हिशेबाचे कागद आणायला कारखान्यात गेलीस तेव्हा वॉचमनने तुला धाकट्याचा जेवणाचा डबा दिला. गुरुवारचा. तो तू तिथेच नळाखाली धुतलास, तीनदा, आणि घरी आणलास. आपण ठरवलं, दोघींनी जाऊन त्याला द्यायचा. नुसता पाठवायचा नाही, जायचं. तू म्हणालीस, “दारात तरी उभी राहीन.” रविवार ठरला. मग पाऊस होता. मग माझा गुडघा. मग तुझी दवाखान्यात ड्युटी. असे किती रविवार गेले ते तूच मोज, तुला मोजायची सवय आहे.

एकदा मात्र आपण निघालो. बसथांब्यावर गेलो, बस आली, दार उघडलं. मी एक पाय पायरीवर ठेवला. तू पिशवी छातीशी धरून म्हणालीस, “आई, डब्याचं झाकण घरी राहिलं.”

झाकण डब्यावरच होतं. पिशवीच्या तोंडातून मला स्पष्ट दिसत होतं.

मी म्हटलं, “असं होय? मग चल परत.” आणि पाय खाली घेतला.